जावयाचा एकजुटीचा खेळ

माझ्या सासुरवाडीला एका नेत्याची नितांत गरज आहे आणि तो नेता मीच आहे, असं मला लग्नानंतरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात वाटलं.

मी मंगळवार पेठेतल्या एका शाळेत मास्तर. सुट्टी लागल्या लागल्या आम्हा शिक्षकांचं नेतृत्वगुण वाढवण्याचं शिबिर झालं. (दिवसभर खेळ आणि जेवणात जिलेबी!) ते गुण अंगात ताजे असतानाच मी उचगावला सासरी गेलो. तिथे माझे सासरे, म्हणजे मामा, आणि मेहुणा शंकर यांचा अबोला! मळ्यातल्या विहिरीवर इंजिन बसवायचं की मोटच ठेवायची, यावरून बापलेक महिनाभर एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते.

"मामा, ह्यावर माझ्याकडं एक खेळ आहे. एकजुटीचा!"

"अहो, राहू द्या की," माझी बायको सुमन कुजबुजली. मी तिच्याकडे नेत्याच्या नजरेनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मळ्यात मी सगळ्यांचे डोळे बांधले. मग एकाच दोरानं सगळ्यांच्या कमरा जखडल्या. पुढे मामा, त्यांच्यामागे शंकर, मग सुमन, शेवटी धाकटी मेहुणी शालन. दोराचं पुढचं टोक माझ्या कमरेला. गोठ्यापासून निघायचं, विहिरीला वळसा घालायचा आणि आंबा गाठायचा. डोळस मी एकटाच!

"नियम एकच. मी सांगेपर्यंत कुणी पट्टी काढायची नाही."

"जावयाचा शब्द म्हंजे शब्द!" मामा गरजले.

नेत्यानं सहकाऱ्यांकडे पाठ करू नये, असं शिबिरात शिकवलं होतं. म्हणून मी त्यांच्याकडे तोंड करून उलटा चालत होतो. (त्यांना माझं तोंड दिसतच नव्हतं, हा मुद्दा कृपा करून कुणी काढू नये!)

"डावीकडं वळा!" मी ओरडलो. सगळे भलतीकडेच वळले. माझी डावी ती त्यांची उजवी! "तिकडं नाही! दुसरी डावी!"

"डाव्या किती असत्यात वो दाजी?" शंकर वैतागला.

"सुमे, त्याला सांग गप चाल म्हणून," मामा म्हणाले.

"आबा, त्यो कुठं हाय त्येच मला दिसंना!"

या गोंधळात रांग भलतीच वाकडी झाली आणि विहीर एकदम जवळ आली. विहिरीला कठडा नव्हता. मामांचा पाय काठाच्या दिशेनं उचललेला पाहून मी दोन्ही हात वर करून ओरडलो,

"थांबा!"

सगळे जागच्या जागी थांबले. काय ती शिस्त! मी सुटकेचा श्वास सोडला आणि समाधानानं एक पाऊल मागे टाकलं.

मागे जमीन नव्हती.

दोराला हिसका बसला आणि मी पाण्याच्या वर लोंबकळू लागलो. मला पोहता येत नाही! दोर बरगड्यांत असा रुतला होता की तोंडातून शब्द फुटेना.

"पावणं, आता कुठं वळायचं?" वरून मामांनी अदबीनं विचारलं.

"हूं..."

"काय म्हणलं?"

माझ्या डोक्यावर खडे पडू लागले. मामा काठाकडे सरकत होते, त्यांच्यामागून शंकर! सगळी सासुरवाडी आता माझ्या अंगावर येणार!

"आबा, पट्टी काढतो मी!" शंकर ओरडला.

"खबरदार! पावण्यांनी अजून सांगितलं न्हाय!"

"घाला चुलीत ती पट्टी!" हा आवाज सुमनचा. पुढच्याच क्षणी तिची किंकाळी आली. "अगं आई गं! हे हिरीत गेल्यात! बसा सगळी खाली! शंकर, आबांची कंबर धर! शाले, वड!"

"आबा, टाचा रवा!"

"रवल्यात रं लेकरा! तू सोडू नगंस!"

"न्हाय सोडत!"

मी वीतभर वर जाई, हातभर खाली येई. पाण्याला पाय लागला की देव आठवत. शेवटी एकदाची शंकरनं माझी बकोटी धरली आणि मी काठावर पालथा पडलो. नवी टेरिलिनची पँट गुडघ्यांवर फाटली होती.

शेजारी बापलेक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून धापा टाकत होते. ते पाहून त्या अवस्थेतही माझा ऊर भरून आला.

"मामा," मी कण्हत म्हणालो, "खेळ यशस्वी झाला की!"

"झाला की पावणं," मामा घाम पुसत म्हणाले. "लई झ्याक खेळ हाय. फकस्त नेता तेवढा हिरीत असाय पायजे!"