अर्धी गोळी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो मुख्य आचारी होता आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे एकच उपाय होता: जेवा. कुणाची बढती हुकली, कुणाची बायको रुसली, कुणाला ताप आला, की तो आधी समोर ताट ठेवायचा आणि मग चौकशी करायचा. खाणारा माणूस सहजासहजी मरत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. कामगार पाठीमागे टिंगल करायचे, पण ताटं चाटूनपुसून ठेवायचे. अशा माणसाच्या बायकोलाच पोटाचा कॅन्सर व्हावा आणि तिचीच अन्नावरची वासना उडावी, याला काय म्हणावं?

ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आता दुखणं आटोक्यात ठेवायचं आणि जाईल तेवढं खाऊ द्यायचं. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, ठरलेल्या वेळेला, न चुकता द्यायच्या. त्याने रजा टाकली, घरातली शेगडी ताब्यात घेतली आणि कंबर कसली.

गोळी सुरू झाली आणि ती झोपली. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती, पण त्याचं लक्ष तिथे कुठे? तो गार होत चाललेल्या सूपकडे बघत होता. दुपारचं जेवण झोपेत गेलं, संध्याकाळचंही गेलं. दुसऱ्या दिवशी तेच, वर एक उलटी. हे सगळं गोळीचं काम, असं या शहाण्याने ठरवून टाकलं. दवाखान्यात फोन करून विचारावं, तर ते नाही. स्वयंपाकघरात शिरून त्याला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं. मीठ जास्त झालं की पुढच्या खेपेला कमी घालायचं, एवढीच त्याची विद्या. त्याने पातळ पात्याची सुरी घेतली, गोळी मधोमध कापली आणि अर्धी तिला दिली. उरलेली अर्धी मिठाच्या बरणीमागे वाटीत ठेवली, कारण काही टाकून देणं आचाऱ्याच्या हातून होत नाही. पुढे रोज तसंच चाललं.

ती जागी राहायला लागली तेव्हा त्याला गड जिंकल्यासारखं वाटलं. पाठीला उशा लावून तो तिला भरवायचा. एक घास ती कितीतरी वेळ तोंडात घोळवायची, मध्येच चादर मुठीत धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. तो विचारायचा, चव नाही का, लिंबू पिळू? आणि उत्तराची वाट न बघता पिळायचा. हळूहळू घास कमी झाले. वाटी अर्धी परत येऊ लागली, मग भरलेलीच. तो भात आणखी मऊ शिजवायचा, सूप आणखी पातळ करायचा, पण सुरी काही खाली ठेवायचा नाही.

त्याला कळत नव्हतं असं नाही. एका संध्याकाळी पाठीपर्यंत कळ गेली तेव्हा तिने कण्हत विचारलं, "अहो, गोळी दिलीत ना मघाशी?" तो शेगडीजवळ होता. मागे वळून न बघता त्याने हो म्हटलं आणि ढवळायची गरज नसलेलं पातेलं ढवळत राहिला. तो होकार माशाच्या काट्यासारखा त्याच्या घशात अडकून बसला. त्यानंतर तो स्वतः धड जेवला नाही.

मग घरी येऊन तपासणारी नर्स आली. दहापैकी किती दुखतं, असं तिने विचारलं तेव्हा बायको हळूच आठ म्हणाली. एवढ्या गोळीनेही भागत नाही म्हणजे डोस दुप्पट करावा लागेल, डॉक्टरांशी बोलते, असं म्हणून नर्सने फोन काढला. चोराच्या मनात चांदणं; त्याला वाटलं, हिची नजर बरणीमागेच आहे. ती बिचारी नंबर शोधत होती.

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. दुप्पट डोस अर्धा केला की आत्ताचा पूर्ण होतो, कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार त्याच्या मनात आला, पुरता आला, आणि आपण कुठवर घसरलो आहोत हे पाहून त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने नर्सला थांबायला सांगितलं आणि आतून ती वाटी आणून तिच्यापुढे ठेवली.

नर्स ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगत राहिली, काका, सुरुवातीची झोप बहुतेकांची थोड्या दिवसांत उतरते. मळमळीची गोळी जेवणाआधी द्यायची असते, पोट साफ राहण्याचं औषध सोबत असतं. दुखत असताना घास कसा उतरणार? मागतील तेव्हा दोन-चार चमचे द्या, कोंबू नका. डोस वाढवायचा नाही, पूर्ण द्यायचा, असं ठरवून आणि वाटी सोबत घेऊन ती गेली.

तो पलंगाशी येऊन उभा राहिला. रागावशील तेवढी रागाव, असं काहीतरी पुटपुटला. तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"मला वाटलं, आता औषधसुद्धा लागू पडत नाही," ती म्हणाली. "म्हणजे संपलंच सगळं. तुम्हाला कसं सांगायचं, याचा विचार करत मी इतके दिवस पडून राहिले."

तो खाली बसला आणि तिच्या पायांवर डोकं टेकून रडला. तिने पाय काढून घेतले नाहीत, हातही पुढे केला नाही.

पूर्ण गोळी सुरू झाली. ती झोपली आणि तो शेजारी बसून राहिला, उठवलं नाही. झोप ओसरल्यावर एका सकाळी तिने आपणहून गार दही मागितलं, चार चमचे खाल्ले, आणि कॅन्टीनमध्ये तुमच्याविना ओरडा चालला असेल, अशी चेष्टाही केली. बोलणं पूर्वीसारखं झालं, हसणंही.

फक्त गोळीच्या वेळी ती तळहात पुढे करते. त्याने ठेवलेली गोळी बोटाने उलटीसुलटी करून कडा चाचपून बघते आणि मग तोंडात टाकते. तो पाण्याचा पेला धरून तिचं बघून होईपर्यंत उभा राहतो.