चार कॉर्ड आणि आबांची काठी

पंचेचाळिशीत लोक गुडघे दाखवायला मिरजेला जातात. मी गिटार आणायला गेलो. कडेगावच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवल्यावर आता जगाला माझ्या संगीताची निकड आहे, असा माझा समज झाला होता.

शिकायला निवडलं ते सत्तरच्या दशकातलं एक इंग्रजी रॉक गाणं. त्यात चारच कॉर्ड. म्हणजे बोटांनी तारा दाबून एकदम वाजवायचे चार स्वरसमूह. मोबाईलवरचा गोरा गुरुजी हसत सांगायचा, सोपं आहे. खरंच होतं ते, त्याला येत होतं. शिवाय मला गाण्याची चाल वाजवायची नव्हती, नुसता ऱ्हिदम धरायचा होता. म्हटलं, बिनकष्टाचं काम.

आठवड्यात बोटांना फोड आले. कॉर्ड बदलायची वेळ आली की उजवा हात थांबायचा, डाव्या हाताची बोटं जागा शोधायची, मग गाणं पुढं सरकायचं. बायकोनं पंधरा दिवस ऐकून घेतलं आणि विचारलं, “आवं, तारा जुळवून झाल्या की वाजवणार न्हवं?”

मी गाणंच वाजवत होतो.

माझे वडील, आबा, फौजेतून निवृत्त. एका संध्याकाळी ते काठी घेऊन खोलीत आले. वाटलं, संपलं गिटारीचं आयुष्य.

“हात थांबतुया तुझा,” ते म्हणाले. “परेडीत पाय चुकला म्हणून कोण उभं ऱ्हातं व्हय? चुकीचा पडंना का, पण पडला पायजे.”

त्यांनी मला डावा हात तारांवर नुसता ठेवून उजवा चालवत राहायला लावलं आणि काठीनं फरशीवर ठेका धरला. महिनाभर घरात फक्त खरखर. सूर नाही, म्हणून बायको खूश.

मग एके दिवशी पुन्हा कॉर्ड धरले. तिसऱ्याला बोटं चुकली, पण उजवा हात चालतच राहिला आणि गाणं शेवटपर्यंत गेलं. आबा “हां” म्हणाले आणि चहाला गेले.

पुढं सांगलीत शिक्षकांच्या स्नेहमेळाव्यात विज्ञानाच्या मॅडमनी तेच गाणं म्हटलं. साथीला मी. टाळ्या जोरात पडल्या, मॅडमना. मुख्याध्यापकांनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं आणि काळजीनं माझ्याकडं वळले. “सर, तुम्ही मागं खुर्चीवर बसून होता. बरं वाटत नाही का?”

बरं आहे म्हणालो आणि जेवणाच्या रांगेत उभा राहिलो.