टर्बोची शिट्टी

माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि तो तीर्थपुरीच्या आमच्या घरात काचेच्या फ्रेममध्ये, बाबासाहेबांच्या फोटोच्या जरा खाली टांगलेला होता. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ती फ्रेम दाखवत. पाहुण्याला इंग्रजी येत नसे, वडिलांना थोडंफार येई, आणि कागदावर जे लिहिलंय ते मला खरंच येतं का, हे कुणीच विचारत नसे.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सरकार गावोगाव बोअर पाडत होतं, आणि मला त्या खात्यात नोकरी लागली होती. आमच्या जालन्याच्या तुकडीला एक परदेशी बोअरची गाडी मिळाली. गाडीवर एक भला मोठा कॉम्प्रेसर, आणि तो चालवायला टर्बो बसवलेलं डिझेल इंजिन. टर्बो हा शब्द तेव्हा जालन्यात कुणी ऐकलेला नव्हता. मी पुस्तकात वाचला होता. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. आमचा ऑपरेटर जुना, मुरलेला माणूस. त्यानं हे सगळं एका वाक्यात बसवलं होतं, "साब, ये इंजन अपनाच धुवाँ खाके पहलवान बनता."

त्या उन्हाळ्यात आम्ही केदारखेड्याच्या पलीकडच्या एका गावात गेलो. यादीत दोन बोअर होते. एक गावात, पाराजवळ, आणि एक आमच्या लोकांच्या वस्तीत. गावातला बोअर एका दिवसात झाला. पाणी लागलं, गुलाल उधळला, सरपंचांनी माझ्या गळ्यात हार घातला. दुसऱ्या दिवशी गाडी वस्तीत नेली, आणि साठ फुटांवर इंजिनानं दम टाकला. काळाकुट्ट धूर, आवाज खाली बसलेला, आणि भोकातला, हवेच्या जोरावर चालणारा हातोडा दगडावर नुसता टकटक करतोय.

सरपंच तासाभरात हजर झाले. हातात नारळ होता.

"जागाच तशी हाय सायेब," ते म्हणाले. "मशीनला मानवत न्हाई. माझ्या मळ्यात लावून बघा एकबार, कसं पळतंय ते."

इंजिन समुद्रापलीकडून आलेलं होतं. त्याला आमच्या गावांचा नकाशा कुणी समजावून सांगितला, हे मला कळेना. पण मी नोकरीत नवा होतो, म्हणून तोंडानं एवढंच म्हणालो, "बघतो साहेब." नारळ ते परत घेऊन गेले.

मग मी दोन दिवस बघितलं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, असं पुस्तकात होतं. दोन्हींपैकी मी डिझेल निवडलं, कारण डिझेलच्या भागांचे पाने माझ्या पेटीत होते. फिल्टर बदलला. नोझल काढले, साफ केले, परत बसवले. हवेची जाळी झटकली, तिच्यातून निम्मा तालुका बाहेर पडला. इंजिन सुरू केलं की रिकामं असताना एखाद्या साधूसारखं शांत चालायचं. ओझं टाकलं, म्हणजे कॉम्प्रेसर जोडला, की पुन्हा काळा धूर.

"टर्बो गया साब," ऑपरेटर म्हणाला. "गाडी जालना लेके चलो."

त्याचं घर जालन्यात होतं. पण मला वेगळीच काळजी होती. गाडी एकदा वर्कशॉपला गेली की तिथून दुसऱ्या तालुक्यात जाणार आणि वस्तीतलं साठ फुटांचं भोक तसंच राहणार. वस्तीतल्या बायाही ते ओळखून होत्या. लांबच्या विहिरीवरून येता-जाता त्या डोक्यावरच्या घागरीसकट थांबायच्या, इंजिनाकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. इंजिनाकडे त्या जरा मायेनं बघत.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आली. पन्नाशीची, केसांवर, भुवयांवर पीठ. वस्तीच्या कडेला एक पिठाची गिरणी होती, ती हिची. नवऱ्यानं गिरणी टाकली आणि वर्षभरात तो वारला. तेव्हापासून ही एकटीच इंजिन चालवत होती, उघडत होती, जोडत होती. गावात दुसरी गिरणी नव्हती. त्यामुळे पाटलाच्या घरचं दळणही तिच्याकडेच यायचं, आणि चाळणीतून घरात गेलेल्या पिठाची जात कुणी विचारत नसे.

"जयभीम, सायेब. एक विचारू का?" ती म्हणाली. "गावात व्हतं तव्हा ह्ये शिट्टी वाजवीत व्हतं. वस्तीत आल्यापसून फुसफुस करून राह्यलंय. शिट्टी कुठं गेली?"

मी डिप्लोम्याच्या आवाजात म्हणालो, "मावशी, हे टर्बोचं इंजिन आहे. तुमच्या गिरणीसारखं नाही."

"मंग? ह्ये हवा खात न्हाई का?"

ऑपरेटर दुसरीकडे तोंड करून हसला.

"माझं इंजिन रिकामं असलं की राजावानी चालतं," ती म्हणाली. "जवारी टाकली की त्याचं खोटं बाहेर पडतं. ह्याच्यावर ओझं टाका अन् कान लावा. बंद करून काय सापडन?"

दोन दिवस मी नेमकं तेच करत होतो, इंजिन बंद करून दोष शोधत होतो. ओझं टाकलं. टर्बोपासून इंजिनापर्यंत मनगटाहून जाड रबरी पाईप जात होता. दाबलेली हवा त्यातूनच आत जायची. फुसफुस त्याच बाजूनं येत होती. पण त्या गोंगाटात नेमकी जागा कळेना. वरून, बाजूनं पाईप धडधाकट दिसत होता.

"सायकलीचं पंक्चर कसं काढता तुम्ही?" ती म्हणाली, आणि घरी जाऊन कपड्याच्या साबणाचं पाणी बादलीभर घेऊन आली.

काठीला चिंधी बांधली, साबणात बुडवली आणि मी पाईपवर फिरवू लागलो. वर काही नाही. बाजूला काही नाही. खालून फिरवायला जमिनीवर उताणं पडावं लागत होतं. दोन दिवस मी ते टाळलं होतं, कारण माझी पँट इस्त्रीची होती. पडलो. चिंधी लावली आणि फेसाचा एवढा फवारा उडाला की डोळे, नाक, तोंड सगळं साबणानं भरलं. पाईपाच्या पोटाला बोटभर लांब चीर होती. तेल पिऊन रबर फुगलं होतं, वस्तीच्या खडबडीत वाटेवर गाडी हादरली आणि ते फाटलं. रिकाम्या इंजिनात हवेचा दाब नसतो, म्हणून चीर मिटलेली राहायची. ओझं पडलं की उघडायची.

"सापडलं?" तिनं विचारलं.

"सापडलं," मी थुंकत म्हणालो.

नवा पाईप मुंबईशिवाय मिळणार नव्हता. मावशी म्हणाली, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मिळाला तर काम भागंल. ट्रॅक्टर गावात एकच, सरपंचाचा. ती गेली. ऑपरेटर तिच्याबरोबर गेला होता, म्हणून तिथलं बोलणं मला कळलं. सरपंच म्हणाले, ट्यूब न्हाई. ती म्हणाली, बरं, माझा गिरणीचा पट्टा बी लई ढिला झालाय, आठ दिस गिरणी बंद ठेवावी म्हंते. ट्यूब लगेच सापडली.

आम्ही पाईपवर ट्यूब चढवली, तिच्यावर मावशीच्या गिरणीचा जुना कॅनव्हासचा पट्टा गुंडाळला आणि तारेनं करकचून आवळला. दिसायला ते मोडलेल्या पायासारखं दिसत होतं. इंजिन सुरू केलं, ओझं टाकलं, धूर एकदम पातळ झाला आणि वर बारीक, लांब शिट्टी सुरू झाली. मावशीनं मान हलवली, जणू गिऱ्हाइकाचं दळण बराबर निघालंय, आणि ती गिरणी उघडायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडशे फुटांच्या अलीकडे पाणी लागलं. चिखलाचा फवारा उडाला, अख्खी वस्ती भिजली. ह्या वेळी हार कुणाला सुचला नाही.

जालन्याला जाऊन मी रिपोर्ट लिहिला. "तपासणीअंती मला असे आढळून आले की," अशी सुरुवात केली. खात्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी ते घेतलं. गोडच लागलं.

सुट्टीवर घरी गेलो तेव्हा वडिलांना सगळी हकीकत रंगवून सांगितली, मावशीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिपोर्टात बाईचं नाव हाय का?"

"नाही."

"पोरानं शेजारच्याच्या पाटीवरलं उतरवलं तर मी काय करतो?"

"छड्या मारता."

"तू आता मोठा झालास," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले. छडी परवडली असती.

मी साहेबांना दुसरं पत्र लिहिलं. त्यांनी ते वाचलं, हसले, फायलीत लावलं. महिन्याभरानं नवा पाईप आला. गाडी तेव्हा राजूरकडे निघाली होती. मी ऑपरेटरला म्हणालो, वाट वाकडी करू, पाईप वस्तीतच बदलू. मावशी गिरणीत होती. मी तिला खरं काय ते सांगितलं, कागदावर आधी तुमचं नाव नव्हतं, आता घातलंय, चुकलो.

"माझं नाव घालून कागदाला काय व्हनार हाय?" ती म्हणाली. तिला राग आलाय की नाही, ते मला कळेना. मग हात पुसत म्हणाली, "पन ते टर्बो का काय, ते मला उघडून दाखव."

मी जुना पाईप काढला, मग हवेच्या जाळीकडून टर्बोच्या तोंडात येणारा पाईपही काढला. आत पात्यांचं चकचकीत चाक होतं, मुठीएवढं. तिनं वाकून बघितलं, बोटानं हळूच ढकललं. चाक बिनआवाज फिरू लागलं आणि बराच वेळ फिरत राहिलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली. गिरणीसमोर दळणाचे डबे घेऊन चार बाया थांबल्या होत्या. तिनं त्यांना हातानंच थांबा म्हणून सांगितलं आणि पुन्हा एकदा चाक ढकललं.