टपावरची अँटेना आणि रविवारचा फोन

गाडीच्या टपावर अँटेना बसवायची म्हणजे टपाला भोक पाडायचं, हे मला हिंडलग्याच्या गॅरेजमध्ये पोचल्यावर कळलं. ड्रिल सुरू झालं तसा मी चहाच्या निमित्तानं बाहेर पडलो. परत आलो तेव्हा वायर आत उतरली होती, भोकाभोवती सीलंट फासलं होतं आणि टपावर पातेलं पालथं घातल्यासारखी पांढरी अँटेना बसली होती. आत राउटर, त्यात दोन कंपन्यांची सिमकार्डं. एकीची रेंज गेली की दुसरी लागते. सगळं मिळून चांगल्या फ्रीजच्या किमतीत पडलं.

हा खटाटोप एका फोनसाठी. मुलगी लंडनला असते. दर रविवारी संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल येतो. बायको गेल्यापासून त्या कॉलपायी मी एकाही रविवारी खासबागेतलं घर सोडलेलं नाही. मी आपण होऊन तिला लावत नाही. तिचे सासू-सासरे तिच्याकडेच असतात, आणि लेकीच्या घरी उठसूट फोन करायचा नाही ही आमच्याकडची रीत. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, आत झोपायची सोय असलेली ही गाडी त्यामुळे बरेच दिवस दारातच उभी होती.

शेवटी एका रविवारी सकाळी निघालो. बेळगाव ते निपाणी हायवे उत्तम आहे. हत्तरगीचा टोल, मग संकेश्वरला थांबून इडली. दर थोड्या वेळानं मी राउटरचे दिवे बघत होतो. सगळे हिरवे. तवंदी घाटातसुद्धा रेंज हलली नाही. घाटात वारा मस्त होता, पण "बघ गं" म्हणायला शेजारच्या सीटवर फक्त पाण्याची बाटली होती. एकट्यानं निघणाऱ्यांनी हे धरून चालावं.

निपाणीच्या अलीकडे आत वळून एका शेताच्या कडेला झाडाखाली गाडी लावली. शेजारी तंबाखू वाळत होती. तो उग्र वास कपड्यांतून दोन धुण्यांशिवाय जात नाही. थोड्याच वेळात शेताचे मालक आप्पा आले. सत्तरीचे, स्वच्छ धुतलेली टोपी, मागे दोघे-तिघे.

"कुठल्या च्यानलचं तुम्ही?" त्यांनी टपाकडे बघत विचारलं. "सीमाभागाचं परत काय काढलंय?"

आमच्या भागात टपावर असलं काही दिसलं की टीव्हीवाले आले, एवढाच अर्थ निघतो. मी बेळगावचा, फिरायला आलोय, ही अँटेना इंटरनेटची, असं सांगितल्यावर मागचे हिरमुसून परत गेले. आप्पा मात्र तिथंच उभे राहिले.

"एकटंच?"

"हो."

"मग जेवायला चला. दिवस मावळायच्या आत. आमी जैन, रात्रीचं न्हाय खात."

मी बरोबर आणलेली बटाट्याची भाजी पुढं केली, तर आप्पा हसले. "कंद न्हाय चालत आमाला. ऱ्हाऊ द्या, सकाळी तुमीच खावा." भाकरी, मुगाची उसळ, ताक असं उन्हं असतानाच जेवलो. इतक्या लवकर जेवलं की संध्याकाळ लई लांब वाटते, हे तेव्हा कळलं.

सातला आम्ही दोघं गाडीत बसलो होतो. आप्पांना अँटेना कशी चालते ते बघायचं होतं. फोन समोर ठेवला. रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या. सव्वासात. साडेसात. मग मेसेज आला: "बाबा, आज बाहेर आलोय सगळे. पुढच्या रविवारी नक्की."

मी तो आप्पांना वाचून दाखवला.

"मग तुमीच लावा की," आप्पा म्हणाले.

"लेकीच्या घरी आपण कसा लावायचा?"

"व्हय, तेबी खरंच," ते म्हणाले. "माजी लेक हितं चिकोडीला दिलीया. आमीबी न्हाय लावत. ती लावती तवाच."

ते कंदील न घेताच अंधारात घराकडे गेले. मी राउटर बंद केला नाही. तो रात्रभर हिरवा होता आणि मला फार एकटं वाटलं, इतकं घरीसुद्धा वाटत नाही.

सोमवारी दुपारी घरी पोचलो. अँटेनेबद्दल विचारणाऱ्यांना सांगतो: उत्तम आहे, कुठंही दगा दिला नाही, जरूर बसवा. फक्त टपाची उंची वाढते, खाली आलेल्या फांद्या सांभाळा.

पुढच्या रविवारी मी सातची वाट बघितली नाही. घरात वायफाय असताना दारातल्या गाडीत जाऊन बसलो, राउटर लावला आणि दुपारीच तिला व्हिडिओ कॉल लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे."

"मग फोन कसा केलात?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काही नाही गं," मी म्हणालो. "अँटेना चालते का बघत होतो."