पेच आवळल्यानंतरचे बाण

बायकोची तिरंदाजीची जिल्ह्याची निवड चाचणी उद्यावर आली होती आणि तिचे बाण कुठे जातील हे देवालाच ठाऊक होतं. ताकद वाढावी म्हणून तिने आपल्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे पेच आवळले, तेव्हापासून तलासरीच्या आमच्या शेतात नुसता कहर चालला होता. एक बाण डावीकडे, दुसरा उजवीकडे. तिसरा, खोटं नाही सांगत, हद्दीवरचा अच्छाडचा नाका न थांबता ओलांडून गुजरातेत गेला असणार, कारण तो अजून सापडलेला नाही.

नेम धरायची साइट सरकवून पाहिली. पण बाण एकाच बाजूला चुकत असते तर तिचा उपयोग! पेच मागे फिरवावेत, तर ते आधी कुठे होते याची खूणच कुणी केली नव्हती.

मग मला दोरीच्या चाकाशी लाल धागा दिसला. आईने तो विवळवेढ्याच्या महालक्ष्मीहून आणून बांधला होता. म्हटलं, सापडला चोर!

"आई, हा सोड ना. दोरीला अडतोय."

आईने असं पाहिलं की बुजगावणंसुद्धा पळालं असतं. "सोडते बाबा. देवीला तोंड मात्र तू दाखव."

धागा सुटला. बायकोने नेम धरला आणि बाण थेट चिकूच्या झाडात घुसला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पेच बिघडले, आता देवीही रागावली. उद्या जाऊ तरी कशाच्या भरवशावर?"

गावाच्या एकेका प्रश्नाला तीन-तीन उत्तरं देणारा मी बाण काढायला झाडावर चढलो आणि तो हातात आल्यावरही वरच बसून राहिलो.