स्क्रीनला कुलूप

माझा टीबीचा रिपोर्ट माझ्याआधी माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या मामांनी वाचला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आष्ट्याहून एसटीने सांगलीला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचे. उंब्रजच्या एका घरात माझं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. त्या थंडीत खोकला हटेना आणि संध्याकाळी कणकण यायची, म्हणून आमच्या डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगलीच्या एका लॅबमध्ये पाठवलं.

लॅबमध्ये नवाकोरा कॉम्प्युटर आला होता. आलेल्या माणसांना दिसावा म्हणून तो काउंटरवर ठेवून स्क्रीन बाकाकडे वळवलेली होती. टाइप करणाऱ्या ताईंनी माझा रिपोर्ट उघडला आणि तेवढ्यात लॅबच्या डॉक्टरांनी आतून हाक मारली, म्हणून त्या उठून गेल्या. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव, वय, गाव आणि खाली निकाल. मामा साखर तपासायला आले होते, ते बाकाच्या टोकाला बसलेले मला दिसले. नमस्कार करावा म्हणून मी उठले, तर ते चष्मा लावून स्क्रीनकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा काम हाय, एवढं म्हणून ते स्वतःची तपासणी न करताच निघून गेले. ते काय बघत होते म्हणून मी वळले, तेव्हा मला कळलं.

आठवडाही झाला नसेल, मध्यस्थ घरी आला. मुलाकडचे जरा थांबू म्हणतात, असं त्याने आडून आडून सांगितलं. माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन आलेले, त्यांना आडून बोललेलं चालायचं नाही. किती थांबायचं आणि कशासाठी, त्यांनी सरळ विचारलं.

"आवं, पोरीच्या छातीचं कळलंय तिकडं," मध्यस्थ खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आबा लॅबवाल्यांना जाब विचारायला निघाले. बूट घालून दारात उभे राहिले, तेव्हा मी आडवी गेले. खरं सांगायचं तर त्या मुलाचं मला फारसं दुःख नव्हतं, दोनदा बघितलेला माणूस तो. पण माझ्या अंगातलं दुखणं कुणीही वाचावं असं उजेडात मांडून ठेवलं होतं, ते डाचत होतं.

"आबा, तुमी भांडलासा तर ते माफी मागतील आन् स्क्रीन तशीच ऱ्हाईल. मी जाईन. पर हातात कायतरी घिऊन जाईन."

आबांनी बूट काढले.

गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी व्हायची, भाकरीचा वासही नको वाटायचा. माझ्यापासून आता कुणाला लागण होणार नाही असं डॉक्टर म्हणेपर्यंत क्लास बंद होता. त्या दिवसांत पडल्या पडल्या पुस्तकं वाचली आणि मिळेल त्या कागदावर प्रोग्राम लिहीत गेले. मला हवं होतं ते साधं होतं. काही वेळ कीबोर्डला कुणाचा हात लागला नाही, की स्क्रीन आपोआप काळी व्हावी आणि पासवर्ड दिल्याशिवाय उजळू नये.

क्लासला परत गेले तेव्हा सर म्हणाले, सगळे पगारपत्रकाचा प्रोजेक्ट करतात, तूही कर, पास होशील. नापास झाले तरी चालेल, मी हाच करणार, असं मी सांगितलं. पहिल्या खेपेला मशीनच गोठलं. मग स्क्रीन काळी व्हायला लागली, पण टाइप केलेला पासवर्ड सगळ्यांना दिसायचा. ते सुधारलं, तर एका मैत्रिणीने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि कुलूप निघालं. मग चालू होतानाच पासवर्ड मागायची सोय केली. रोज एक भोक बुजवायचं, रोज दुसरं सापडायचं. मला त्याचा कंटाळा आला नाही.

सांगलीत वीज सारखी जायची. नव्या मॉनिटरचा सिग्नल थांबवला की तो झोपी जातो आणि वीज कमी खातो, हे सरांनी सांगितलं. मी तेही प्रोग्राममध्ये घातलं. मॉनिटरचा हिरवा दिवा नारिंगी झाला आणि वीज गेल्यावर क्लासच्या बॅटरीवर मशीन पहिल्यापेक्षा जास्त वेळ चाललं, तेव्हा सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

फ्लॉपी घेऊन मी लॅबमध्ये गेले. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. बॅटरीचं त्यांना फार आवडलं, कारण वीज गेली की त्यांचे रिपोर्ट अडकायचे. पासवर्ड मात्र नको म्हणाले. टाइप करणारीचा वेळ जाईल आणि आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

"तक्रार आलीय डॉक्टर. मीच ती," मी म्हणाले आणि झालेलं सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "सध्या बॅटरीचं तेवढं बसवून दे. दुसरं बघू."

"वेगळं देता येणार नाही. दोन्ही एकत्रच आहे."

वेगळं करणं अवघड नव्हतं. मला करायचं नव्हतं. डॉक्टरांनाही ते कळलं असावं. त्यांनी ताईंना उठून मला जागा द्यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गेले, तर पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. सारखं कुठं लक्षात ठेवायचं, असं ताई वैतागून म्हणाल्या. मी शेजारी बसले आणि त्या दिवशी त्या उठून आत गेल्यावर काय झालं ते सांगितलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी काढून फाडली आणि मनाचा नवा शब्द घातला, तो मलाही सांगितला नाही. मग उठून त्यांनी मॉनिटर दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे वळवला. डॉक्टर बाहेर आले, बघितलं आणि आत गेले.

औषधांचा कोर्स पूर्ण झाला, मी बरी झाले. मिरजेचे आणि सांगलीचे आणखी काही डॉक्टर तो प्रोग्राम मागायला लागले. पाचगणीच्या एका शाळेच्या ऑफिसातही तो बसवून आले.

दोन वर्षांनी साताऱ्याचं स्थळ आलं. कांदेपोहे समोर यायच्या आत मी सांगून टाकलं, मला टीबी झाला होता, बरा झालाय, काय विचारायचं ते मलाच विचारा. आई आतून मला खुणावत होती. मुलाने गोळ्या किती महिने घेतल्या ते विचारलं, मग कॉम्प्युटरवर मी नेमकं काय करते ते विचारलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला आणि तो ऐकत राहिला. लग्नानंतर साताऱ्यात पुढची खोली रिकामी करून मी दोन मशीन मांडली आणि मुलींचा क्लास सुरू केला.