देवघरातला कागद

बळीरामचा हात फार लवकर उठायचा, हे होळी नावाच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाडीला पाणी देणाऱ्या बावखलावरून, म्हणजे त्या जुन्या तळ्यावरून, त्याने भावकीतल्या प्रल्हादला तीनदा झोडपलं. तिसऱ्या खेपेला पहारीने त्याचा पाय मोडला. प्रल्हाद जन्माचा लंगडा झाला आणि गावाने नेहमीसारखं मिटवून टाकलं. कुणी जाब विचारला, की बळीरामचं उत्तर ठरलेलं असे, “पानी आमचं. कागद हाय आमच्याकडं.”

कागद होता खरा. काचेच्या चौकटीत घालून देवघरात टांगलेला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहत, फूल वाहत. अक्षर मोडीतलं, त्यामुळे तीन पिढ्यांत तो कुणीही वाचला नव्हता. ज्याची पूजा करायची तो वाचायचा कशाला? या अडाणीपणाला काय म्हणावं!

बळीरामची मुलगी ज्ञानदा इतिहासात एम.ए. करत होती. दुसऱ्या वर्षाचं नवं सत्र सुरू झालं त्या दिवशी सुहासिनी मॅडमनी फर्मान काढलं, “प्रत्येकाने घरातला एक जुना कागद वाचून आणायचा. लिहिलंय तेच सांगायचं, सोयीचं ते नाही.” सुट्टीत मोडी शिकून आलेल्या ज्ञानदाला आभाळ ठेंगणं झालं. दुपारी घरी येताच तिने चौकट उतरवली, काचेवरची हळद पुसली आणि अक्षर अक्षर लावत बसली.

तासाभराने अर्थ लागला. बावखल धाकट्या भावाचं होतं, म्हणजे प्रल्हादच्या आजोबांचं. त्यांचं घर कुडाचं, आगीचं भय, म्हणून कागद थोरल्याकडे, म्हणजे बळीरामच्या आजोबांकडे, नुसता सांभाळायला दिला होता.

तेवढ्यात तिची आई कृष्णाबाई धापा टाकत आली. “प्रल्हादच्या जितेंद्रने बावखलात पंप टाकला. तुझा बाप पहार घेऊन गेलाय!”

ज्ञानदा चौकट उराशी धरून धावली. बावखलावर माणसं जमली होती, मध्ये पडायची कुणाची छाती नव्हती. जितेंद्रच्या कोयत्याने बळीरामचा दंड चिरला होता. तरी त्याने पोराला चिखलात लोळवला, छातीवर पाय दिला आणि पहार उचलली.

“बाबा, पाणी त्यांचं आहे!” ज्ञानदा किंचाळली. “कागदात तसं लिहिलंय!”

“गप!”

ती गप्प बसली नाही. तिथेच उभी राहून मोठमोठ्याने वाचू लागली. लंगडत आलेला प्रल्हाद खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. बळीराम वळला. पहार चौकटीवर बसली, आणि चौकट ज्ञानदाच्या हातात होती. काचेचा चुरा झाला. कोपराखालचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कसं लागलं?”

“पायरीवरून पडली,” कृष्णाबाई झटकन म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. दंडाला पट्टी बांधून बळीराम दारातच उभा होता. खरं सांगितलं तर बाप आत जाणार, आपल्याला घर बंद होणार आणि कॉलेजही सुटणार, हे ज्ञानदाला स्वच्छ दिसत होतं. तिला भीती वाटली, मरणाची भीती वाटली.

“पायरी नाही,” ती म्हणाली. “बापाने पहार मारली. तसंच लिहा.”

“ज्ञानदा!” बळीराम गरजला.

कृष्णाबाई उठली. आता ही आपलं तोंड दाबणार, असं ज्ञानदाला वाटलं. पण आईने बाही वर सारली आणि वाकडं जुळलेलं स्वतःचं मनगट टेबलावर ठेवलं.

“बाई,” ती म्हणाली, “ह्ये पन लिवा.”